बाजार-प्रणालींच्या सॉफ्टवेअरमधील काळ : एक भाषिक परीक्षण

मराठीतील ‘परवा’ हा शब्द कालदृष्ट्या द्व्यर्थी आहे. ‘परवा आला’ आणि ‘परवा येईल’ यांतील भेद क्रियापद सांभाळते. त्यामुळे या दुहेरीपणाने कोणाचे बिघडत नाही. शेअरबाजारातील खरेदी-विक्रीचे नियम रचून ते गतकालीन भावांवर पडताळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भाषांत असे क्रियापद नसते. ॲमीब्रोकरच्या सूत्रभाषेत ‘रेफ’ या पदाला उणे एक जोडले की कालचा भाव मिळतो, अधिक एक जोडले की उद्याचा. पायथनच्या पांडाज या संग्रहात ‘शिफ्ट’ या पदाचा संकेत नेमका उलटा : अधिक एक म्हणजे काल, उणे एक म्हणजे उद्या. एका भाषेतून दुसरीत जाणारा अभ्यासक चिन्ह बदलण्यास विसरला, तर त्याची प्रणाली उद्याचा भाव पाहून आज खरेदी करू लागते. कागदावरील नफा डोळे दिपविणारा असतो आणि चूक दिसत नाही, कारण वाक्य व्याकरणशुद्धच असते.

अशा चुकीची किंमत रोख मोजावी लागते. सेबीच्या सप्टेंबर 2024 मधील अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्यूचर्स व ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला. त्यांतील किती जणांनी कसली पडताळणी केली होती, हा प्रश्न निराळा.

सॉफ्टवेअर निवडताना चर्चा होते ती किंमत, गती आणि आलेखांची शोभा यांची. प्रथम पाहावयास हवे ते हे, की त्या भाषेत भविष्य उच्चारणे किती सोपे आहे. या कसोटीवर ट्रेडिंगव्ह्यूची पाइन ही भाषा अधिक सोवळी ठरते. तीत मागील भाव चौकटी कंसातील अंकाने दर्शवितात आणि तेथे ऋण अंक चालत नाही. तरीही मोठ्या कालखंडाचे भाव मागविताना ‘लुकअहेड’ हा पर्याय बेफिकीरपणे चालू केल्यास भविष्य मागल्या दाराने आत शिरते. उलट, सूत्र पुढे डोकावते की काय हे तपासण्याची सोय ॲमीब्रोकरमध्ये आहे, हे न्यायाने नमूद केले पाहिजे.

काळाचे हे पथ्य पाळल्यावरही पडताळणीची रीत उरतेच. तिचा वस्तुपाठ पुणे परिसरातच आहे. 1916 मध्ये आरंभ झालेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र खडकवासल्यास नद्या, धरणे व बंदरे यांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करते. जलशास्त्रात प्रतिकृती काही मोजमापांवर जुळवून घेतात आणि जुळणीत न वापरलेल्या मोजमापांवर पारखतात. ॲमीब्रोकरमधील ‘वॉक-फॉरवर्ड’ ही व्यवस्था तत्त्वतः हीच होय.

परंतु नोंदीत नसलेल्या घटनेपुढे ही रीतही अपुरी पडते. 1879 मध्ये पूर्ण झालेले खडकवासल्याचे धरण 82 वर्षे उभे राहिले. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटून आलेल्या लोंढ्याने ते फोडले. मुठेच्या पुरांच्या नोंदीत असा लोंढा सापडणे शक्यच नव्हते, कारण तो निव्वळ पावसाचा नव्हता. बाजाराच्या नोंदीतून तर घडलेल्या घटनाही गळतात. निफ्टीची आजची यादी घेऊन 2005 पासून पडताळणी करणाऱ्याला सत्यम भेटतच नाही. ते नाव जानेवारी 2009 मध्ये यादीतून वगळले गेले. वगळलेल्या नावांचे भाव मिळतात की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावयाचे असते.