चक्रव्यूहातील दोन आवाज

दिवाळीच्या अंकात काळोखाच्या संगीताविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण पणत्यांचा सण आपल्या पूर्वजांनी अमावास्येला धरून ठेवला, तो काही विचार करूनच. तेव्हा ज्या ध्वनिमुद्रिकेविषयी मी लिहितो आहे, ती या दिवसांत अगदीच अस्थानी ठरू नये.

‘इन्टू द लॅबिरिंथ’ हे तिचे नाव. १९९३ साली ती प्रसिद्ध झाली. ‘डेड कॅन डान्स’ या संचाची ही सहावी ध्वनिमुद्रिका. लिसा जेरार्ड आणि ब्रेंडन पेरी ही त्यातली जोडी. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी हा संच उभा राहिला आणि पुढल्याच वर्षी त्याने लंडन गाठले. नावाने वाचकांनी दचकू नये. लाकडाचा मुखवटा निर्जीव खरा, पण कलेचा स्पर्श झाला की तो जिवंत होतो, अशी त्या नावामागची कल्पना. ज्याने बोहाडा पाहिला आहे त्याला ती निराळी समजावून सांगायला नको.

या ध्वनिमुद्रिकेच्या वेळी जेरार्डबाई ऑस्ट्रेलियात राहत होत्या आणि पेरी आयर्लंडात. पेरींनी तेथील एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता. त्या जागी दोघांनी हे काम पुरे केले. बाहेरचा एकही वादक बोलावला नाही. सारी वाद्ये स्वतःच वाजवली. अकरा रचना, सुमारे ५५ मिनिटे.

त्यात काय नाही? अरबी वळणाच्या तंतुवाद्यांचे सूर आहेत, छोट्या काठ्यांनी वाजवायचे चिनी यांगचिन आहे, निरनिराळ्या मुलखांच्या चालीचे ढोल आहेत, आयर्लंडचे जुने गाणे आहे. एवढी यादी वाचूनच माझ्यातला मास्तर सावध होतो. मिसळणाच्या डब्यातल्या सगळ्या वाट्यांतून चिमूट चिमूट घातले म्हणजे आमटी चांगली होतेच असे नाही. परक्यांचे सूर केवळ चवीपुरते घेणारे संगीत पुष्कळ निघते, आणि ते ऐकून झाल्यावर तोंडात काहीच रेंगाळत नाही.

येथे तसे होत नाही, याचे कारण पहिल्याच रचनेत सापडते. ‘युलुंगा’ सुरू होते ती एका लांबलेल्या, जडशा स्वराने. बराच वेळ दुसरे काही घडत नाही. मग जेरार्डबाईंचा आवाज येतो, आणि तो जागेवर बसल्यानंतरच ढोल येतात. घाई कोठे नाही. विहिरीच्या पायऱ्या उतरताना जसे एकेका पायरीला डोळे अंधाराला सरावतात, तसे कान सरावत जातात. तोवर हा ढोल कोणत्या देशाचा, हा प्रश्न मागे पडलेला असतो.

आता खरी अडचण. या बाई बहुतेक ठिकाणी जी भाषा गातात ती कोणत्याही देशाची नाही. ती त्यांची त्यांनीच घडवलेली. मी शाळेत भाषा शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे माझे दोन्ही वेळचे जेवण शब्दांवर. ज्या गाण्यात एकही शब्द कळत नाही ते गाणे मला हलवून जात असेल, तर मग माझ्या धंद्याचे काय? आपल्याकडे आलाप आहे, तराणा आहे, हे मला ठाऊक आहे. पण तेथे रागाचे कुंपण असते आणि आपण त्या कुंपणात लहानाचे मोठे झालेलो असतो. येथे कुंपण नाही. शब्दच नसल्यावर गाणारी खरे बोलते आहे की नुसता आव आणते आहे, हे ओळखायचे कसे?

त्याची कसोटी याच ध्वनिमुद्रिकेत मिळते. ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’ हे आयरिश कवी रॉबर्ट ड्वायर जॉयस यांचे गीत जेरार्डबाई इंग्रजीत गातात, आणि तेही वाद्यांवाचून. १७९८ च्या आयरिश बंडाची ती कथा. बंडात जावे की प्रियेजवळ राहावे, अशा कोंडीत सापडलेल्या तरुणाच्या मिठीतच ती गोळी लागून मरते. येथे शब्द आहेत आणि ते रडवणारे आहेत. लबाड गायिकेने येथे हुंदके काढले असते. बाई काही म्हणजे काही करीत नाहीत. आवाज सरळ ठेवतात, शोक शब्दांवर सोपवतात. ज्या गळ्याला शब्दांपुढे इतके नमते घेता येते, त्याने शब्दांवाचून मांडलेल्या दुःखावर मी विश्वास ठेवतो.

पेरींचे दुखणे नेमके उलटे आहे. त्यांचा आवाज भारदस्त, शब्द स्वच्छ. ओल्या रस्त्यावरून गुपचूप सरकणारी सर्कशीची गर्दी ते ‘द कार्निव्हल इज ओव्हर’मध्ये डोळ्यांपुढे उभी करतात. पण शेवटच्या रचनेत मला त्यांचे पटत नाही. ते गीत बर्टोल्ट ब्रेख्त यांच्या ‘मदर करेज’ नाटकातले, जॉन विलेट यांच्या इंग्रजी भाषांतरातून घेतलेले. सॉलोमनला शहाणपणाने, सीझरला शौर्याने, सॉक्रेटिसला सचोटीने बुडवले. तेव्हा गुण नसलेलाच सुखी! नाटकात हे गाणे गातात ती दोन भुकेली माणसे, ऐन थंडीत, पाद्र्याच्या दारी, काही खायला मिळेल या आशेने. त्यात पोटातली आग आहे, कुचकेपणा आहे. पेरी ते नऊ मिनिटांहून अधिक वेळ एखाद्या प्रार्थनेसारखे गातात. स्वर सुंदर आहेत. पण उपहासाला धूपारती केली की त्याचा डंख जातो. काळोख हा अनुभव न राहता तेवढ्यापुरता पोशाख होतो.

या दोघांचे जमते ते ‘एम्मेलेया’मध्ये. ग्रीक शोकनाट्यातल्या गंभीर नृत्याचे हे नाव. वाद्य नाही, कळणारा शब्द नाही. फक्त दोन गळे, एकमेकांना टेकलेले. दोन रचना आधीच हे संपले असते तर अधिक बरे झाले असते असे म्हणणार होतो, पण मग हीच राहिली असती.

ध्वनिमुद्रिकेचे नाव ग्रीक कथेतल्या भूलभुलैयाचे आहे, आणि आतल्या एका लहान रचनेला आरिआद्नीचे नाव दिले आहे. वाट सापडावी म्हणून नायकाच्या हाती सुताचा गुंडा देणारी ती हीच. आपल्या अभिमन्यूला असा धागा कोणी दिला नाही. त्याला आत शिरणे तेवढे ठाऊक होते. येथे धागा आहे तो बाईंच्या आवाजाचा. ‘सालडेक’सारखी एखाद मिनिटाची रचना वाट दाखवण्याच्या आतच संपते हे खरे, पण धागा तुटत नाही.

फराळाची ताटे उचलून झाली, मुले झोपली आणि अंगणातल्या पणत्या एकेक करून शांत होऊ लागल्या, की वाचकांनी ही ध्वनिमुद्रिका जरूर ऐकावी. अर्थ विचारू नये. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हाक मारून जवळ बसवावे. इंग्रजी न येणाऱ्यांचे येथे काही अडत नाही, आणि एरवी अशी सोय फार थोड्या परदेशी गाण्यांत असते.