म्यूटिंगचं बटण आणि न सापडलेलं स्टेशन

संशोधनाला सुरुवात करताना उपकरणांबद्दल दोन सल्ले हमखास मिळतात. मॅन्युअल वाचा आणि कॅलिब्रेशन करा. दोन्ही योग्यच आहेत. पण तिसरा सल्ला फारसा कोणी देत नाही: उपकरण गुपचूप काय गाळून टाकतंय, हे आधी विचारा. हे समजावून सांगायला मी लॅबमधलं महागडं यंत्र घेणार नाही. घरातलं एक जुनं यंत्र घेते, प्रीॲम्प्लिफायर-ट्यूनर. त्याच्या पुढच्या पॅनेलची ही समीक्षा समजा.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ट्यूनर रेडिओ स्टेशन पकडतो. प्रीॲम्प रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, टेप यांपैकी एक निवडतो, आवाजाचा पोत आणि पातळी ठरवतो आणि सिग्नल पुढे पॉवर ॲम्प्लिफायरकडे पाठवतो. दोन्ही एकाच डब्यात असले की तो प्रीॲम्प-ट्यूनर. अमेरिकेतल्या मॅकिंटॉश कंपनीचा साठच्या दशकातला एमएक्स-११० हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. आपल्याकडे हा प्रकार कमी दिसला, पण त्यावरची बहुतेक बटणं नंतरच्या स्टिरिओ रिसीव्हरवर आणि म्युझिक सिस्टीमवरही आली. त्यामुळे तुमच्या घरात माळ्यावर असं काही पडलं असेल तर खाली काढा.

आता परीक्षा कुठे घ्यायची? ट्यूनर नागपुरात ठेवला तर तो सहज पास होईल, कारण स्टेशन शेजारीच आहे. म्हणून तो गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यात ठेवू. इथून नागपूर सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं. एफएमच्या लहरी साधारण सरळ जातात, त्यामुळे त्यांना क्षितिज आडवं येतं. हे अंतर काढायचं सोपं सूत्र असं: दोन्ही अँटेनांच्या उंचीची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. समजा मनोरा १०० मीटर उंच आहे आणि तुमची अँटेना घरावर ९ मीटरवर आहे. म्हणजे १० अधिक ३, गुणिले ४.१२. उत्तर येतं जवळपास ५४ किलोमीटर. दवनीवाडा त्याच्या दुप्पट लांब आहे. पण क्षितिजापलीकडे सिग्नल एकदम शून्य होत नाही. तो खूप क्षीण होतो, हवेच्या थरांप्रमाणे कमीजास्त होतो, आणि हिवाळ्यात पहाटे जमिनीलगत थंड हवा व वर उबदार हवा असली की कधी कधी चांगला वाढतोही. क्षीण आणि बदलता सिग्नल. तुमच्या संशोधनातला खरा डेटा बहुतेक वेळा असाच असणार आहे.

पहिलं बटण म्यूटिंगचं. दोन स्टेशनांच्या मध्ये एफएमवर जो मोठा सूंऽऽ आवाज येतो, तो कानाला त्रास देतो. म्यूटिंग चालू असलं की ठरावीक पातळीपेक्षा कमी सिग्नल आला तर ट्यूनर आवाजच बंद करतो. शहरात ही मोठी सोय आहे. दवनीवाड्यात काय होतं ते बघा. समजा ट्यूनर २ मायक्रोव्होल्टचा सिग्नल ऐकण्यालायक करू शकतो, पण म्यूटिंगची पातळी ५ वर ठेवलेली आहे. २ ते ५ च्या मधलं प्रत्येक स्टेशन यंत्राला पकडता येतं, तरी तुम्हाला ऐकू येत नाही. तुम्ही ८७.५ पासून १०८ मेगाहर्ट्झपर्यंत चक्री फिरवता, सगळीकडे शांतता, आणि निष्कर्ष काढता की इथे एफएम येतच नाही. मुळात तुम्ही एवढंच मोजलंय की ५ मायक्रोव्होल्टच्या वर काही येत नाही.

माझी तक्रार बटण असण्याबद्दल नाही. सूं आवाज ऐकत कोणी बसणार नाही. तक्रार अशी की बऱ्याच पॅनेलवर नुसतं ‘म्यूटिंग’ असं लिहिलेलं असतं, पातळी किती ते नसतं. ती असली तर मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर, तांत्रिक तक्त्यात. आणि ‘सिग्नल आहे पण मी दाबलाय’ व ‘सिग्नलच नाही’ या दोन गोष्टी कानाला अगदी सारख्या लागतात. याच्यापेक्षा जुन्या व्हॉल्व्ह रेडिओमधला तो हिरवा ‘मॅजिक आय’ जास्त सच्चा होता. सिग्नल जसा वाढेल तशी त्याची सावली मिटत जायची. क्षीण स्टेशनलाही ती थोडी हलायची, आणि हात आपोआप थांबायचा.

दुसरं बटण स्टिरिओ-मोनोचं. पॅनेलवरचं हे मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं. एफएम स्टिरिओमध्ये डाव्या-उजव्याची बेरीज नेहमीच्या जागी असते आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर बसवलेली असते. एफएममध्ये वरच्या वारंवारतेला खरखर जास्त असते, त्यामुळे त्या वजाबाकीबरोबर ती सगळी आत येते. मोनो केलं की वजाबाकी सोडून दिली जाते आणि खरखर २० डेसिबलच्या आसपास कमी होऊ शकते. म्हणजे डावं-उजवं गेलं, पण बातम्या कळायला लागल्या. काय दिलं आणि काय घेतलं, ते दाबताक्षणी कानाला कळतं. शेजारच्या ‘स्टिरिओ’ दिव्यावर मात्र फार विश्वास ठेवू नका. १९ किलोहर्ट्झचा पायलट सूर सापडला, एवढंच तो सांगतो. कार्यक्रम खरंच दोन चॅनेलचा आहे की नाही, हे त्याला माहीत नसतं.

तिसरी गोष्ट ट्यूनिंगच्या पायऱ्यांची. चमकणारे आकडे दिसले की आपल्याला वाटतं, हे यंत्र नेमकं आहे. भारतात मध्यम लहरींची स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. आकाशवाणी नागपूरचं ५८५ घ्या, ६५ गुणिले ९. अमेरिकेत हे अंतर १० किलोहर्ट्झ आहे. तिथून आणलेला डिजिटल ट्यूनर, ज्याला मागे ९/१० चा स्विच नाही, तो ५८० वर थांबेल नाहीतर ५९० वर. ५८५ त्याच्या जगातच नाही. एफएमवर २०० किलोहर्ट्झच्या पायरीने जाणारा सेट १००.५ दाखवेल, मग १००.७. नागपूरच्या विविध भारतीचं १००.६ मधेच राहतं. साध्या काट्याच्या, दोरीवर चालणाऱ्या डायलला ही अडचण येत नाही, कारण काटा कुठेही थांबू शकतो. डायलवरचे आकडे अंदाजे असतात आणि ते तसे दिसतातही. डिजिटल सेटचे आकडे नेमके दिसतात, पण मोजपट्टीच दुसऱ्या देशाची असते.

चौथी गोष्ट पॅनेलवर नाहीच, आणि तोच तिच्यातला दोष. एफएम प्रक्षेपणात खरखर कमी करण्यासाठी वरचे सूर मुद्दाम उचलून पाठवतात आणि ट्यूनरमध्ये परत खाली आणतात. याचा कालस्थिरांक भारतात ५० मायक्रोसेकंद, अमेरिकेत ७५. अमेरिकी सेट इथे लावला तर वरचे सूर गरजेपेक्षा जास्त दाबले जातात, जास्तीत जास्त साडेतीन डेसिबलपर्यंत. ऐकणाऱ्याला वाटतं की आवाज दबका आहे, म्हणून तो ट्रेबलची चक्री थोडी पुढे करतो. आवाज सुधारतो. मग टेप लावल्यावर तीच चक्री आवाज किरकिरा करते, आणि दोष टेपवर जातो. एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणच्या दुरुस्तीने झाकली की असं होतं. लॅबमध्ये याला ‘करेक्शन फॅक्टर’ म्हणतात, आणि तो कोणी, कशासाठी घातला हे तीन बॅचनंतर कोणालाच आठवत नाही.

लाउडनेसचं बटणही याच जातीचं. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. लाउडनेस ते सूर वाढवून देतो. कल्पना उत्तम आहे. पण तुमच्या खोलीत खरा आवाज किती आहे, हे त्या बटणाला कळत नाही. ते फक्त व्हॉल्यूमची चक्री कुठे आहे तेवढंच धरून चालतं. स्पीकर कोणता, खोली केवढी, याचा हिशेब त्यात नाही.

आणि आता एक कौतुक. ‘टेप मॉनिटर’ या बटणाला लोक फार शिव्या देतात, कारण टेप जोडलेला नसताना ते दाबलं गेलं की सेट एकदम गप्प होतो आणि बिघडल्यासारखा वाटतो. पण तीन हेडच्या टेपडेकबरोबर ते वापरून बघा. एका बाजूला मूळ सिग्नल, दुसऱ्या बाजूला नुकताच टेपवर उतरलेला. दाबा, सोडा, दाबा. मूळ आणि नोंद शेजारी ठेवून तुलना करू देणारं हे पॅनेलवरचं एकमेव बटण. संशोधनात आपण ज्याला ‘कंट्रोल’ म्हणतो ते याहून वेगळं नाही.

मग दवनीवाड्यात हा सेट चालवायचा कसा? आधी म्यूटिंग बंद. मोनो चालू. बास-ट्रेबल मध्यावर, लाउडनेस बंद, टेप मॉनिटर बंद. चपट्या वायरची टी-आकाराची अँटेना लावा. १००.६ साठी तिची आडवी लांबी दीड मीटरच्या जवळपास येते, थोडी कमीच. ती हळूहळू फिरवा आणि मीटर बघा. पूर्ण पट्टा एकदा फिरा, सूं आवाज सहन करा, आणि जिथे थोडंही काही ऐकू येईल तिथला आकडा व वेळ वहीत लिहा. संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा. त्यानंतरच एकेक बटण चालू करा, एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी काय गेलं ते लिहा. आरामात ऐकायचं असेल तेव्हा खुशाल म्यूटिंग लावा. शोधताना लावू नका.

हे फक्त रेडिओपुरतं नाही. पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. समजा तुमची पद्धत ०.०५ च्या खालचं ओळखू शकत नाही. एखाद्या विहिरीत ०.०३ आहे, मर्यादेच्या तिप्पट. अहवालात येणार ‘आढळले नाही’. तो शब्द एक्सेलमध्ये भरताना कोणीतरी ० टाकणार. त्या शून्यांची सरासरी निघणार, नकाशावर गाव हिरवं होणार, आणि लोक तेच पाणी पीत राहणार. या साखळीत खोटं कोणीच बोललेलं नाही. फक्त म्यूटिंग चालू होतं आणि त्याची पातळी कोणी लिहिली नाही.

म्हणून पीएचडीच्या मुलाखतीला जाण्याआधी, किंवा पहिल्या दिवशी लॅबमध्ये पाऊल ठेवल्यावर, तुमच्या उपकरणाबद्दल तीन ओळी लिहून काढा. यात म्यूटिंगसारखं काय आहे आणि त्याची पातळी किती? याची मोजपट्टी कोणासाठी बनवली होती? आणि मूळ व नोंद शेजारी ठेवून बघता येईल असं बटण यात कुठे आहे? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तसा प्रयोग आपणच रचायचा असतो. आणि रिझल्टच्या तक्त्यात जिथे ‘आढळले नाही’ लिहाल, तिथे त्याच चौकटीत किती पातळीच्या खाली, हेही लिहा.