सर्व्हरलेस हँडलर आणि पायाभूत वर्ग : एक परीक्षण

वर्ग आणि वारसा यांची कल्पना डाल व नायगार्ड यांनी सिम्युला ६७ या भाषेत मांडली. सुमारे अर्धशतकानंतर तीच कल्पना सर्व्हरलेस आज्ञावलींच्या क्षेत्रात पुन्हा अवतरली आहे. ॲमेझॉनची लॅम्डा ही सेवा २०१४ मध्ये जाहीर झाली व पुढील वर्षी एपीआय गेटवे तिच्या जोडीस आला. निरनिराळ्या विनंत्यांसाठी स्वतंत्र, लहान हँडलर लिहिण्याचा प्रघात पडला. आणि प्रत्येकात विनंतीचे वाचन, परवानगीची तपासणी व चुकांचे उत्तरात रूपांतर यांची पुनरुक्ती होऊ लागली. हा सामान्य क्रम पायाभूत वर्गात ठेवावयाचा व उपवर्गाने केवळ विशेष भाग लिहावयाचा, हा त्यावरील उपाय होय.

या रचनेचे सामर्थ्य वैयाकरणास सहज पटावे. अष्टाध्यायीत तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीचे प्रत्ययविषयक अधिकारसूत्र पाचव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत लागू राहते. प्रत्येक सूत्रात ती संज्ञा पुन्हा सांगावी लागत नाही. पायाभूत वर्गही असाच अधिकार चालवितो. परवानगीची तपासणी एकाच ठिकाणी झाल्यामुळे ती विसरण्यास फारसा वाव उरत नाही. हा गुण लहान नव्हे.

तथापि साम्य येथेच संपते. सूत्राला स्मृती नसते, वस्तूला असते. एक विनंती पूर्ण झाल्यावर लॅम्डा तोच चालन-परिसर पुढील विनंतीसाठी वापरू शकते. हँडलर-वस्तू मुख्य फंक्शनच्या बाहेर एकदाच निर्माण केली व वापरकर्त्याची ओळख तिच्यातच साठविली, तर ती ओळख दुसऱ्याच्या विनंतीत शिल्लक राहण्याचा धोका असतो. ज्या वर्गाने सुरक्षितता एकवटावी, तोच दोषाचे उगमस्थान ठरतो. आणि तो दोष सर्व उपवर्गांत उतरतो.

दुसरे वैगुण्य अपवादांचे. सार्वजनिक मार्गास ओळख नको, फाइल स्वीकारणाऱ्या मार्गास जेसन-वाचन नको. अशा प्रत्येक अपवादासाठी पायाभूत वर्गात एक नवी अट शिरते व अखेर उत्सर्गच दुर्बोध होतो. गामा, हेल्म, जॉन्सन व व्हलिसिडीस यांच्या १९९४ च्या ग्रंथात या साच्यास ‘टेम्प्लेट मेथड’ असे नाव आहे. वारशापेक्षा संयोजनास प्राधान्य द्यावे, हेही त्याच ग्रंथाचे सांगणे आहे. या दोहोंत विरोध नाही. क्रम अचल असेल तेथे वारसा योग्य. टप्पे बदलते असतील तेथे संयोजन.

सारांश, पायाभूत वर्ग त्याज्य नाही. तो मितभाषी असावा. क्रम त्याने राखावा. विनंतीची माहिती मात्र दर वेळी पॅरामीटर म्हणूनच यावी व उत्तराबरोबर संपावी.