पंपाचा दांडा आणि घरांची मोजणी

पटकीच्या प्रसारावरील डॉ. जॉन स्नो यांचें पुस्तक १८४९ सालीं लहान स्वरूपांत निघालें. १८५५ सालीं त्याची बरीच वाढविलेली दुसरी आवृत्ति लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. तिची कीर्ति आज एका पंपाच्या दांड्यावर उभी आहे. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोंवतीं मृत्यूंची गर्दी आढळली, ८ सप्टेंबर १८५४ रोजीं दांडा काढविला आणि सांथ थांबली, अशी ही कथा सांगतात. आमच्या मतें पुस्तकांतील सर्वांत दुबळें प्रमाण हेंच होय. दांडा निघण्यापूर्वींच पुष्कळ रहिवासी पळून गेले होते व सांथ उतरणीस लागली होती; स्वतः स्नो हें लपवीत नाहींत. 'यानंतर' म्हणजे 'यामुळें' नव्हे. आपल्या घरांतून अंगारा, काढा आणि गोळी या तिघांची ख्याति याच न्यायानें पसरते!

या प्रकरणांत मोलाचे आहेत ते अपवाद. शेजारच्या दरिद्रगृहांत ५३५ माणसें असून पांचच दगावलीं, कारण तेथें स्वतःची विहीर होती. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक वृद्ध विधवा याच पंपाचें पाणी मुद्दाम आणवून पीत असे, ती गेली.

तथापि पुस्तकाचा प्राण पुढें आहे. दक्षिण लंडनच्या मोठ्या भागांत दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लींतून गेले होते. लॅम्बेथ कंपनी १८५२ पासून टेम्स नदीच्या वरच्या, स्वच्छ भागांतून पाणी घेऊं लागली. साउथवर्क व व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरच्या गटारांनीं बिघडलेलेंच पाणी देत राहिली. श्रीमंत आणि गरीब दोहोंकडेही होते. पाण्याचा आकार बहुधा घरमालक भरी, त्यामुळें आपल्या नळास कोणाचें पाणी येतें हें पुष्कळ भाडेकऱ्यांस ठाऊकच नसे. स्नो यांनीं पाण्यांतील मिठाचें प्रमाण तपासून तें ठरविलें. सांथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागें मृत्यु पडले ते साउथवर्क कंपनीच्या पाण्यावर ३१५ आणि लॅम्बेथच्या पाण्यावर ३७. हा प्रयोग कोणी मांडला नव्हता. दोन कंपन्यांच्या चढाओढींतून तो आपोआप मांडला गेला, आणि एका वैद्यानें तो ओळखला.

आमचा आक्षेप आहे तो भाजकाबद्दल. कोष्टकांतील घरें कंपन्यांच्या सबंध क्षेत्रांतील आहेत, केवळ मिश्र वस्तींतील नव्हेत. ज्या सारखेपणावर सारा युक्तिवाद उभा, तोच आंकड्यांत शिरतांना गळून पडतो. मिश्र वस्तींतील घरांची कंपनीवार संख्या स्नो यांस तेव्हां मिळालेली नव्हती. १८५६ च्या लेखांत त्यांनीं ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला, आणि फरक तेथेंही मोठाच राहिला. पुस्तक हातीं घेणाऱ्यानें तो लेख जोडून वाचावा. दांड्याचें प्रकरण मागाहून वाचलें तरी चालेल.