माहीत असलेल्या शेवटाची उत्कंठा

१

मराठी समीक्षेत 'उत्कंठावर्धक' हे विशेषण बहुधा अर्ध्या स्तुतीचे असते. एखादी कादंबरी उत्कंठावर्धक आहे असे समीक्षकाने म्हटले, की पुढचे वाक्य 'परंतु'ने सुरू होणार हे जाणत्या वाचकाने ओळखावे. या संकोचामागे एक गृहीतक आहे. उत्कंठा म्हणजे शेवट ठाऊक नसणे; शेवट कळला की ती संपते; आणि जे एका वाचनात संपते त्याचे वाङ्मयीन मूल्य ते कितीसे असणार? बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि वाचकांच्या पिढ्यांना पुस्तकाची गोडी लावली. तरी गंभीर समीक्षेने त्यांच्याकडे क्वचितच वळून पाहिले, याचे एक कारण या गृहीतकात शोधता येईल.

हे गृहीतक तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी साहित्याच्या शेजारी खेळ ठेवून पाहणे सोयीचे ठरेल, कारण ताणाचा आनंद दोन्ही ठिकाणी आहे. मात्र तो सारखाच आहे काय, असा प्रश्न एका साध्या अनुभवातून उभा राहतो. ज्या सामन्याचा निकाल आपल्याला आधीच कळला आहे, त्याचे चित्रमुद्रण पाहण्यात सहसा मन रमत नाही. उलट विश्वास पाटील यांची 'पानिपत' (१९८८) ही कादंबरी हाती घेणाऱ्या मराठी वाचकाला तिचा शेवट शाळेच्या वर्गापासून ठाऊक असतो. किंबहुना 'पानिपत होणे' या वाक्प्रचारातून भाषेनेच तो त्याला सांगून ठेवलेला असतो. म्हणजे येथे शीर्षकच रहस्यभेद करते. तरीही वाचक श्वास रोखून वाचत राहतो. निकाल ठाऊक असणे एका ठिकाणी मारक आणि दुसऱ्या ठिकाणी निरुपद्रवी, हे कसे?

२

प्रथम दोन संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये रहस्यकथेची प्रकारव्यवस्था मांडताना वाचकाच्या आस्थेचे दोन मार्ग दाखवले. एक परिणामाकडून कारणाकडे जाणारा: प्रेत सापडले आहे, खुनी कोण? दुसरा कारणाकडून परिणामाकडे जाणारा: संकटाची तयारी झाली आहे, आता काय होईल? पहिल्यास आपण कुतूहल म्हणू आणि दुसऱ्यास उत्कंठा. कुतूहल ज्ञानाच्या अभावावर जगते, म्हणून उत्तर मिळताच ते शमते. उत्कंठेचे तसे नाही. तिला काही गोष्टी ठाऊक असाव्याच लागतात. मेजाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाने त्याला क्षणभराचा धक्का तेवढा बसेल. ते त्याला सांगितले, तर मेजाभोवती चाललेल्या अगदी निरर्थक गप्पाही त्याला असह्य होतील. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्र्युफो यांच्याशी झालेल्या संभाषणांत केलेला हा भेद आता सर्वपरिचित आहे.

परंतु हा भेद समजून घेण्यासाठी चित्रपटापर्यंत जाण्याची गरज नाही. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलेच्या आख्यानात शाप नाही आणि अंगठीही नाही. तेथे दुष्यंत तिला ओळखतो आणि लोकापवादाच्या भयाने नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका यांची भर घातली. त्यामुळे राजाचे चारित्र्य सावरले गेले, हे नेहमी सांगितले जाते. पण या बदलाचा रचनेवर झालेला परिणामही तितकाच महत्त्वाचा आहे. शाप ऐकतात त्या शकुंतलेच्या सख्या आणि प्रेक्षक. शकुंतलेला त्याचा पत्ताच नसतो. निरोप देताना सख्या तिला सांगतात, की राजाने ओळखण्यास विलंब लावला तर ही अंगठी दाखव. आता पाचव्या अंकात राजसभेत प्रवेश करणाऱ्या शकुंतलेच्या प्रत्येक विश्वासपूर्ण शब्दाखाली प्रेक्षकाला तो शाप ऐकू येत राहतो. त्याची सारी भिस्त अंगठीवर असते. आणि ती दाखवण्याच्या क्षणी शकुंतलेला आपले बोट रिकामे आढळते. ज्ञानाने वाढवत नेलेली उत्कंठा आणि अज्ञानाने दिलेला धक्का यांची ही सांगड आहे. आख्यान ठाऊक असलेल्या प्रेक्षकासाठी ती बांधली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे 'शेवट माहीत नसणे' ही उत्कंठेची पूर्वअट नव्हे, असे म्हणता येईल.

३

तरीही मूळ अडचण पुरती सुटत नाही. शकुंतलेचा प्रेक्षक पात्रांपेक्षा अधिक जाणतो. 'पानिपत'चा वाचक तर सगळेच जाणतो. या कोड्याला पाश्चात्त्य सौंदर्यमीमांसेत उत्कंठेचा विरोधाभास म्हटले जाते, आणि १९९० च्या दशकात रिचर्ड गेरिग, नोएल कॅरल आदींनी त्याची चर्चा केली. त्यातील एका उत्तराचा आशय असा, की कथेत गुंतलेले मन आपल्याजवळचे ज्ञान वापरतच नाही. प्रत्येक वाचन त्याला पहिल्यासारखे असते. हे उत्तर आकर्षक असले तरी पुरेसे वाटत नाही. मनाला असे विसरता येत असेल, तर निकाल कळलेला सामना पाहताना ते का विसरत नाही? तेव्हा स्पष्टीकरण वाचकाच्या स्मरणशक्तीत न शोधता संहितेच्या रचनेत शोधले पाहिजे.

पानिपतच्या मोहिमेचा क्रमच पाहावा. १७६० च्या आरंभी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडतात. उदगीरचा विजय मिळवलेले सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघतात. दिल्ली हाती येते. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला जातो. याच सुमारास अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडतो आणि मराठ्यांची दिल्लीकडची वाट तुटते. त्यानंतर सुमारे अडीच महिन्यांची कोंडी, उपासमार, आणि १४ जानेवारी १७६१. शेवट ठाऊक नसलेल्या वाचकाला कुंजपुऱ्याचा विजय हा विजयच वाटेल. आपल्याला तो तसा वाटू शकत नाही. छावणीतला आनंद आपण ऐकतो आणि त्याच वेळी उत्तरेला सरकलेल्या फौजेच्या मागे मिटत चाललेली वाट पाहतो. पात्रांची आशा आणि वाचकाचे ज्ञान यांच्यातील हे अंतर जितके रुंदावते, तितका ताण वाढतो. म्हणजे ज्ञान येथे ताणाचे इंधन होते.

पण एवढ्यावर थांबलो तर हा ताण केवळ करुणेचा एक प्रकार ठरेल. त्याला आणखी एक बाजू आहे. शेवट ठाऊक असलेला वाचक 'काय होईल' असे विचारत नाही. 'हे टळण्याजोगे होते काय' असे विचारतो. प्रत्येक वळणावर दुसरी वाट दिसत राहते: बाजारबुणगे आणि यात्रेकरू मागे ठेवले असते तर, यमुनेचे उतार राखले असते तर, कोंडी आधीच फोडली असती तर. मराठी समाज हे 'तर' अडीच शतकांहून अधिक काळ उच्चारत आला आहे. इतिहासाचे पुस्तक निकालाकडून मागे पाहते, आणि त्या नजरेला जे घडले ते अटळ भासू लागते. माणसे आपल्या पराभवाकडे केवळ चालत गेलेली दिसतात. उत्कंठा निर्माण करणारे कथन त्यांना त्यांचे भविष्य परत देते. भाऊंपुढे त्या दिवशी शेवट नव्हता. केवळ पर्याय होते, आणि त्यांतले काही वाईट होते. हे वाचकाला जाणवून देणे हे ताणाचे काम आहे, आणि ते रंजनाच्या पलीकडचे आहे. उत्कंठा हा येथे न्यायाचा एक प्रकार ठरतो: निर्णय घेणाऱ्या माणसाला त्याच्या निर्णयाच्या क्षणी जाऊन पाहणे.

४

आता खेळाकडे वळू. योहान हुइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात ताण हा खेळाचा महत्त्वाचा घटक मानला. ताण म्हणजे अनिश्चितता, आणि ती संपवण्यासाठी चाललेली धडपड. कबड्डीत हे सूत्र अगदी देहाने सिद्ध होते. चढाई करणारा एका दमात, आजच्या नियमानुसार ३० सेकंदांत, प्रतिपक्षाच्या अंगणात जातो. निदान रेषा ओलांडतो. कुणाला शिवून मध्यरेषेवर परततो, किंवा पकडला जातो. येथे काळ मोजणारे पहिले साधन म्हणजे खेळाडूचा श्वास. ताण शब्दशः फुप्फुसात साठतो आणि प्रेक्षकही नकळत आपला दम धरून बसतो.

पण हा ताण नियमांनी दिलेला आहे, हे विसरता कामा नये. रेषा नसत्या, वेळेचे बंधन नसते, तर तीच हालचाल निव्वळ धावपळ ठरली असती. शिवाय नियमही पुरेसे नाहीत. एक संघ ३० गुणांनी पुढे असेल, तर चढाई तीच, दम तोच, पण ताण नाहीसा होतो. कारण आता त्या चढाईवर काहीच अवलंबून नसते. खेळातील प्रत्येक क्षण आपला अर्थ अंतिम निकालाकडून उसना घेतो. म्हणून निकाल ठाऊक झाला की बहुतेक क्षण अर्थहीन होतात. कथेतील क्षणाचे असे नसते; त्यात पात्रांचे हेतू, भय, नाती गुंतलेली असतात आणि निकालावाचूनही तो अर्थपूर्ण राहतो. खेळाजवळ खरी अनिश्चितता असते, पण क्षणांना अर्थ देण्यासाठी त्याला निकालाची गरज भासते. कथेजवळ अर्थ असतो, पण तिचा शेवट छापून झालेला असल्याने अनिश्चितता तिला रचावी लागते. ही परस्परांची उणीव लक्षात घेतली, की आरंभीच्या कोड्याचा उलगडा होतो.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते नियमापेक्षा अधिक बोलके आहेत. २५ जून १९८३ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कपिल देव यांनी मागे धावत घेतलेला रिचर्ड्स यांचा झेल लोक आजही पुन्हा पाहतात. त्याआधी १८ जूनला टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताचे ५ गडी १७ धावांत बाद झाले असता कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा केल्या. त्या खेळीचे चित्रमुद्रण उपलब्ध नाही; ती शिल्लक आहे ती धावफलकात आणि सांगणाऱ्यांच्या तोंडी. तरीही ती ऐकताना, ऐकणाऱ्याला विजय पुरता ठाऊक असूनही, '५ बाद १७' या आकड्याशी तो थबकतोच. कारण तो सामना आता सामना उरलेला नाही, त्याची कथा झाली आहे. ज्या खेळाच्या क्षणांना निकालाबाहेरचा अर्थ लाभतो, तो खेळ कथेच्या प्रांतात येतो आणि मग निकाल कळल्याने त्याचे काही बिघडत नाही.

५

याच्या उलट प्रवास विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकात दिसतो. एका गावी प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी खोटाखोटा खटला चालवतात आणि भ्रूणहत्येच्या आरोपाखाली बेणारेबाईंना पिंजऱ्यात उभे करतात. खेळाची सारी सामग्री येथे आहे: नेमून दिलेल्या भूमिका, नियम, आखलेली जागा, हशा. खेळ दोन वचने देतो. निकाल आधी ठरलेला नसेल, आणि तो मैदानाबाहेर येणार नाही. या नाटकात दोन्ही वचने हळूहळू मोडली जातात. प्रश्न खोटे उरत नाहीत. गैरहजर प्रोफेसर दामले यांचे नाव पुन्हा पुन्हा येते. बाहेर पडू पाहणाऱ्या बेणारेबाईंना दार बाहेरून अडकलेले आढळते. प्रेक्षकाचा ताण 'बाई दोषी ठरतील काय' हा नसतोच. हा अजून खेळ आहे काय, हा त्याचा प्रश्न असतो. निकाल तर समाजाने कधीच देऊन ठेवलेला आहे. शेवटी मंडळी तिला हा नुसता खेळ होता अशी समजूत घालतात, तेव्हा या वाक्याइतके भीषण दुसरे काही वाटत नाही.

'पानिपत'मध्ये ठरलेल्या शेवटाला कथन खुले करते, 'शांतता!'मध्ये खुल्या खेळाला समाज ठरलेला शेवट देतो. दोन्हीकडे ताणाचा विषय एकच आहे: माणसाला अजून काही करता येण्याजोगे आहे काय?

६

भरताने औत्सुक्याची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली, स्थायी भावांत केली नाही. या वर्गीकरणात एक मर्म आहे. उत्सुकता स्वतः रस होत नाही; ती कुणा स्थायी भावाच्या आश्रयाने येते, त्याला गती देते आणि जाते. जेथे तिला असा आश्रय नसतो, तेथे ती एका वाचनात संपते आणि समीक्षकांचा आक्षेप खरा ठरतो. पण तो दोष निराधार उत्सुकतेचा आहे, उत्कंठेचा नव्हे. म्हणून एखादी कृती उत्कंठावर्धक आहे असे म्हटल्यावर 'परंतु' लिहिण्यापूर्वी समीक्षकाने एकच कसोटी लावावी: शेवट ठाऊक झाल्यावर ती पुन्हा वाचून पाहावी. ताण दुसऱ्या वाचनातही टिकला, तर तो कथानकाच्या चलाखीचा नाही असे समजावे. तो त्या माणसांच्या स्वातंत्र्याविषयीचा आहे, आणि त्याची दखल घेणे हे समीक्षेचे कर्तव्यच आहे.