मृगया त्यांची, चोरी आमची

मागच्या महिन्यात एका कार्यकर्त्या मित्रानं माझी कविता वाचून परत दिली. म्हणाला, "घोरपडीचं कडवं तेवढं काढून टाक. आपण बौद्ध आहोत. लोकं काय म्हणतील?" कडवं मी काढलं नाही. पण त्या बोलण्यानं डोक्यात भुंगा लागला. सूतगिरणीत रात्रपाळीला रिंगफ्रेमवर तुटलेले धागे सांधता सांधता, आजवर शिकारीबद्दल मराठीत जे वाचलं ते सगळं पुन्हा मनात चाळलं. त्याचा हा हिशोब.

पहिल्यांदा शब्द बघा. राजानं जनावर मारलं की ती मृगया. साहेबानं मारलं की शिकार. पारध्यानं, रामोशानं, आमच्या चुलत्यानं मारलं की चोरटी शिकार. काम एकच, नावं तीन. दशरथानं अंधारात बाण मारून माणूस मारला, तरी पुराणात ती राजाची शोकांतिका झाली. आमच्या माणसानं लावा धरला तर पंचनामा होतो.

शिकारकथा नावाचा जो प्रकार आपल्याकडं वाचला जातो, त्याची रीत ठरलेली आहे. शिकाऱ्याला नाव असतं. बंदुकीला नंबर असतो. कुत्र्यालासुद्धा नाव असतं. पण रान उठवणारी, डबे बडवत काट्यातनं धावणारी, जखमी डुकराच्या पुढ्यात पहिल्यांदा सापडणारी माणसं नुसती 'हाकेवाले'. त्यांना नाव नाही, घर नाही, भूक तर नाहीच. मचाणावरचा लेखक रात्रभर चांदण्याचं वर्णन करतो. खाली कोण थंडीत कुडकुडतोय, ते त्याच्या वहीत येत नाही. हे मी रागानं लिहीत नाही, वाचक म्हणून लिहितो. ज्या पुस्तकात निम्मी माणसं बिननावाची, त्या पुस्तकाला निसर्गाचं पुस्तक म्हणायचं कसं?

व्यंकटेश माडगूळकरांचं वेगळं सांगितलं पाहिजे. ते आधी बंदूक घेऊन रानात हिंडले, पुढं बंदूक ठेवून वही घेऊन हिंडले. १९८२ च्या 'सत्तांतर'मधली वानरं त्यांनी ज्या डोळ्यानं पाहिली, तो डोळा मोठाच आहे. मी त्यांच्याकडनं शिकलो. पण एक गोष्ट मनात सलते. बंदूक खाली ठेवणाऱ्याचं मनपरिवर्तन होतं आणि त्याचं साहित्य होतं. फास खाली ठेवणाऱ्याची नुसती जप्ती होते. पारध्यानं पारध सोडली तर तो काय खातो, कुठं जातो, यावर किती पुस्तकं आहेत?

आता १९५२ साल घ्या. त्या वर्षी चित्ता आपल्या देशातून संपल्याचं जाहीर झालं. १९४७ साली कोरियाच्या राजानं शेवटचे तीन चित्ते मारले, असं मानलं जातं. त्याच १९५२ च्या ३१ ऑगस्टला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. म्हणजे १८७१ पासून ऐंशी वर्षं चित्ते मारणारा राजा होता आणि तितर धरणारा जन्मतःच गुन्हेगार होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनाही चित्ते पाळून काळविटाच्या शिकारीचा शौक होता. आपले म्हणून ते झाकायचं कारण नाही. त्याच महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात असल्या जमातींची हजेरी बंद केली, तेही सांगायचं. मापटं एकच पाहिजे.

कायद्याचंही तेच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा परवाना काढून काही जनावरं मारता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीनं ती वाट बंद झाली. बरं झालं. पण त्या वीस वर्षांत परवान्याचा कागद कुणाच्या घरात होता, आणि फास कुणाच्या? घोरपड आज पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत आहे. पकडला गेला तर तीन ते सात वर्षं. पीक खाणारं रानडुक्कर परवानगीनं मारता येतं, पण मारलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता.

आता आपल्या घरात येऊ. १९७८ च्या 'बलुतं'पासून आपल्या लेखकांनी भूक लिहिली, शिळं-उष्टं लिहिलं, मेलेलं ढोर लिहिलं. छाती लागते त्याला. पण शिकार मला फार कमी दिसली, आणि दिसली तर लाचारी म्हणून. तिच्यातलं कसब कुणी लिहिलं? माझा चुलता वाघर स्वतः विणायचा. लेंडी ओली की वाळली हे बोटानं बघून ससा कधी गेला ते सांगायचा. ससा आपल्या नेहमीच्या वाटेनंच पळतो, म्हणून त्या वाटेवर जाळं. मग वाटे पडायचे. जाळ्याच्या मालकाला एक वाटा जास्त, आतडी कुत्र्याला, आणि आळीत बाळंतीण असली तर पहिली वाटी रस्सा तिला. हे शास्त्र आहे, न्यायही आहे. आपण ते लाजून गाळलं.

लाज कशातनं आली तेही बघा. मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. लोकांनी सोडलं. पण मेलेलं ढोर हे गावानं लादलेलं काम होतं. ओढायचं आपण, उपकार गावाचा. जाळ्यातला ससा कुणाच्या उपकाराचा नव्हता. या दोन मांसांना एकाच टोपलीत टाकणं म्हणजे बाबासाहेब नीट न वाचणं. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१३) हा फरक लख्ख आहे. जब्या काळ्या चिमणीमागं स्वतःच्या ओढीनं रानोमाळ हिंडतो, आणि डुक्कर मात्र गावाच्या हुकमानं धरतो. गाव हसतं ते डुकराच्या वेळी. अपमान मांसात नाही, हुकमात आहे.

मग बौद्धानं शिकार करावी का? १९५७ साली आलेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यात फरक केलाय. नुसत्या इच्छेपोटी मारणं बुद्धाला नामंजूर. टीकेला याहून चांगलं माप मला माहीत नाही. या मापानं राजांची मृगया नापास होते, मचाण नापास होतं. आणि दोस्तहो, आपणही तपासले जातो. आज हेडलाइट लावून रात्री मोटारसायकलवरनं ससे मारत पार्टी करणारे पोरगे आहेत. गाडीवर निळा झेंडा असला म्हणून ती हौस गरज होत नाही. शेताला विजेची तार सोडून डुक्कर मारणारा तर वाघही मारतो आणि शेजारच्या बांधावरचा माणूसही. त्याला आपली सहानुभूती नाही.

चुलत्याची गरज खरी होती. तिचं कौतुक नको, दडवादडवी नको. चुलत्याचं जाळं आता वळचणीला कुजलंय, आणि मला पगारातनं कोंबडी परवडते. म्हणून घोरपड आता कढईत नको, रानात पाहिजे. पण कवितेतनं तिला हाकलायचं नाही. मृगयेची कविता करणाऱ्यांनी कधी लाज धरली नाही. हाक्यात धावलेल्या माणसांची नावं अजून लिहायची आहेत, आणि ती आपल्याशिवाय कुणी लिहिणार नाही.