अद्भुताचे पुनर्वाचन : रिसबुडांची प्रस्तावना आणि शुक्रवारची कहाणी

नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही कादंबरी 1868 मध्ये प्रसिद्ध झाली. आज ती वाचणारे थोडे आहेत. तिच्या प्रस्तावनेचा उल्लेख मात्र मराठी कादंबरीच्या प्रत्येक विवेचनात येतो. रिसबुडांचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या विवाहपद्धतीमुळे व अन्य कारणांनी हिंदूंच्या आयुष्यात रस वाटावा असे गुण अथवा दुर्गुण दिसत नाहीत, रोजच्या अनुभवाच्या गोष्टी लिहिल्या तर त्यांत मन रमणार नाही, म्हणून मनोरंजन करू पाहणाऱ्या लेखकाला अद्भुताचा आश्रय घेणे भाग पडते. मराठी लेखकाने अद्भुताचे केलेले हे आरंभीचे समर्थन होय, आणि ते समर्थनापेक्षा कबुलीजबाबासारखे अधिक वाटते. कल्पितकथेची महती त्यात गायिलेली नाही. घरात काही नाही म्हणून बाहेर जावे लागते, एवढेच त्यात सांगितले आहे.

जुन्या अद्भुतकथांकडे आज वाचक पुन्हा वळू लागला आहे. अशा वेळी रिसबुडांचा हा युक्तिवाद कितपत खरा होता, याचा विचार करणे अगत्याचे आहे. आपल्या वाङ्मयेतिहासाने तो जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला आणि त्यावरून अद्भुताची एकंदर किंमत ठरविली. हळब्यांची 'मुक्तामाला' (1861) आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' म्हणजे कादंबरीचे बाल्य, आणि हरिभाऊंचे आगमन म्हणजे तिचे वयात येणे, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात एक सिद्धांत दडलेला आहे याचाही विसर पडावा. कुसुमावती देशपांडे यांच्या 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथासारखे साक्षेपी विवेचन उपलब्ध असताना ही मांडणी अध्यापनात मात्र चार वाक्यांच्या सूत्रापुरती उरली, हे खेदाचे आहे. ज्या वाङ्मयप्रकाराच्या बाल्याविषयी आपण इतक्या सहज बोलतो, त्याचे नावच मुळी अद्भुतकथेवरून आलेले आहे. बाणभट्टाच्या 'कादंबरी'त कथा सांगतो तो पोपट. नायक-नायिका एका जन्मात दुरावतात आणि दुसऱ्यात भेटतात. सातव्या शतकातल्या या ग्रंथाचे नाव मराठीने एका अर्वाचीन प्रकाराला दिले. कन्नडनेही तेच केले.

मुद्रित मराठी गद्याचा आरंभ पाहिला तरी चित्र वेगळे नाही. श्रीरामपूरच्या छापखान्यातून 1814 मध्ये वैजनाथशास्त्र्यांची 'सिंहासनबत्तिशी' निघाली. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्यास आरंभ केला, आणि त्या कामात त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांचाही हात लागला. 'निबंधमाला'कारांचे नाव घेताच डोळ्यांपुढे येणारी करारी मूर्ती आणि दिव्यातून निघणारा राक्षस यांची सांगड घालणे आपल्याला अवघड जाते. त्या पिढीला ते अवघड गेले नसावे.

आता रिसबुडांच्या मूळ विधानाकडे वळू. हिंदूंच्या आयुष्यात रस घेण्याजोगे काही नाही, हे 1868 मध्ये लिहिले गेले. त्याच्या अकरा वर्षे आधी, 1857 मध्ये, बाबा पद्मनजींच्या 'यमुनापर्यटना'ने विधवांची स्थिती कथाविषय केली होती. त्या पुस्तकाचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे मान्य केले तरी सामग्री होती, आणि ती घरातच होती, हे नाकारता येत नाही. रिसबुडांनंतर तीनच वर्षांनी गुंजीकरांनी 'मोचनगड' (1871) लिहून शिवकालाचा मार्ग धरला. प्रस्तुत लेखकाच्या मते ऐतिहासिक कादंबरीचा हा उगमही त्याच अडचणीतून सुटण्याचा एक प्रयत्न होता. विमानाने जाण्याऐवजी घोड्यावरून जाणे, इतकाच फरक. हरिभाऊंनी 1890 पासून 'पण लक्ष्यांत कोण घेतो' लिहिली तेव्हा मात्र रिसबुडांना जेथे काहीच दिसले नव्हते, नेमक्या त्याच ठिकाणी त्यांनी कथा शोधली. ज्या विवाहपद्धतीमुळे कथानक संभवत नाही असे म्हटले गेले, तीच पद्धती यमूच्या कथेचा विषय झाली.

येथपर्यंत परंपरागत मांडणीशी फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो यापुढच्या अनुमानाविषयी. दैनंदिन जीवनातही कथा आहे, हे हरिभाऊंनी सिद्ध केले. म्हणून अद्भुत अनावश्यक ठरले, असे आपण मानले. वास्तव आणि अद्भुत ही जणू तराजूची दोन पारडी आहेत, एक खाली गेले की दुसरे वर जायचेच, हे रिसबुडांचेच गृहीतक त्यांच्या टीकाकारांनी निमूटपणे उचलले. पुढे याच वास्तवाचा मध्यमवर्गीय साचा झाला, आणि मराठी समीक्षेने त्याला 'सदाशिवपेठी' हे विशेषण लावले. एका पेठेवर हा थोडा अन्यायच आहे. महाराष्ट्र साहित्य परिषद आणि भारत इतिहास संशोधक मंडळ ज्या पेठेत उभी आहेत, तिच्या नावाने संकुचितपणाचा उद्धार व्हावा, यातली गंमत तेथील रहिवाशांनाही कळत असेल. पण विशेषण बाजूला ठेवले तरी प्रश्न उरतो. या पेठेतल्या वाड्यांत कथा म्हणून काय ऐकले जात होते? छापील कादंबरी तर होतीच. तिच्याबरोबर श्रावणातल्या दर शुक्रवारी, जिवतीच्या कागदासमोर बसून, बायका कहाणी वाचीत अथवा सांगत. वाङ्मयाच्या इतिहासात तिला जागा नाही. ती धर्माच्या, फार तर लोकाचाराच्या खात्यावर जमा आहे.

शुक्रवारची कहाणी सर्वांच्या ऐकण्यातली आहे. आटपाट नगरातली एक बाई दारिद्र्याने गांजलेली असते. शेजारीण तिला शुक्रवारचे व्रत सांगते. तिचा भाऊ त्याच नगरात श्रीमंत असतो. तो सहस्रभोजन घालतो, पण बहिणीला बोलावीत नाही. ती मुलांना घेऊन आपण होऊन पंगतीला जाऊन बसते. भाऊ तिला तिच्या फाटक्या वस्त्रांवरून बोलतो आणि अखेर हाताला धरून बाहेर काढतो. पुढे देवीच्या कृपेने तिला बरे दिवस येतात. आता भाऊ तिला जेवायला बोलावतो. ती शालू नेसून, दागिने घालून जाते. पाटावर बसताच अंगावरचे दागिने काढून मांडते आणि एकेका पदार्थाचा घास एकेका दागिन्यावर ठेवू लागते. भाऊ विचारतो, हे काय? तेव्हा ती सांगते की ज्यांना आमंत्रण आहे त्यांना मी जेवू घालते आहे.

या कथेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तीत दैवी घटना एकच आहे, आणि कथा तिच्यावर क्षणभरही रेंगाळत नाही. संपत्ती कशी आली, देवी कोणत्या रूपात प्रकटली, यात निवेदनाला रस नाही. विस्मय हा अद्भुतरसाचा स्थायिभाव. पण येथे विस्मयाचा परमोच्च क्षण चमत्कारात येत नाही, तो पाटावर येतो. सोन्याला घास भरविणारी बाई हे दृश्य जितके अद्भुत तितकेच घरगुती आहे. ते पाहून भाऊ चकित होतो. ऐकणारी मात्र चकित होत नाही, कारण पंगतीतल्या मानापमानाचा अर्थ तिला आधीच ठाऊक असतो. दागिन्यांमागे माणूस दिसेनासे होणे हा नित्याचा अनुभव आहे. कहाणी तो अक्षरशः घडवून दाखविते, इतकेच. व्रताच्या फळाने मिळालेली संपत्ती मुळात या एका प्रसंगासाठीच मिळाली असावी, असे वाटण्याइतका तो प्रसंग कथेच्या केंद्रस्थानी आहे.

रिसबुडांना जे अशक्य वाटले ते येथे सहज साधले आहे. रोजच्या जीवनाला पर्याय म्हणून अद्भुत आलेले नाही; ज्या गोष्टी पंगतीत उघड बोलता येत नाहीत त्या बोलण्याचे ते साधन झाले आहे. सर्वच कहाण्या या तोडीच्या आहेत असे मुळीच नाही. पुष्कळशा केवळ उतल्या-मातल्याला शासन आणि व्रतस्थाला पुत्रपौत्र असा हिशेब मांडून संपतात. पण ज्या परंपरेत शुक्रवारची कहाणी संभवली, तिला बाल्यावस्था म्हणणे कठीण आहे.

ज्या वर्षी 'मंजुघोषा' निघाली त्याच 1868 मध्ये मेरी फ्रिअर यांचे 'ओल्ड डेक्कन डेज' लंडनहून प्रसिद्ध झाले. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या 1865-66 च्या हिवाळ्यातील दक्षिण मराठा मुलुखाच्या दौऱ्यात त्यांच्या कन्येने आपल्या आयेकडून, अ‍ॅना लिबराटा डिसूझा हिच्याकडून, या कथा ऐकल्या. अ‍ॅनाचे घराणे मूळचे लिंगायत. ते गोव्याच्या बाजूस येऊन ख्रिस्ती झालेले. पुस्तकाच्या आरंभी तिचे स्वतःचे जीवनवृत्त दिलेले आहे, आणि त्या काळच्या संग्रहांचा विचार करता ही असाधारण गोष्ट होय. सांगणारीला नाव आणि पूर्वायुष्य मिळाले. तिची मूळ वाणी मात्र मिळाली नाही. आजीकडून ऐकलेल्या कथा इंग्रजीतून सांगितल्या गेल्या आणि इंग्रजीतच राहिल्या. येथे गुणाढ्याची आठवण होते. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाने पैशाची भाषेतली म्हणून त्याची बृहत्कथा अव्हेरली आणि त्याने सात लक्षांपैकी सहा लक्ष श्लोक पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकले, असे 'कथासरित्सागर' सांगते. आपल्या कथापरंपरेची उत्पत्तिकथाच अशी भाषेच्या अवहेलनेची आहे. रिसबूड कथानकासाठी दूर पाहत होते त्याच वेळी या मुलुखातली एक स्त्री कथा सांगत होती. या दोन घटना एकमेकींना ठाऊक नव्हत्या, आणि आपल्या अभ्यासक्रमातही त्या एकत्र येत नाहीत.

अलीकडच्या पुनःशोधाला चालना मिळाली ती ग्रंथालयातून कमी, चित्रपटातून अधिक. 2018 मध्ये राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट आला आणि त्याच्या प्रेरणास्थानांपैकी एक म्हणून नारायण धारप (1925–2008) यांचे नाव नव्या वाचकांपर्यंत पोहोचले. धारपांनी पाश्चात्त्य भयकथांवरून पुष्कळ घेतले. 'लुचाई'चे मूळ स्टीफन किंगच्या कादंबरीत आहे. एवढ्यावरून त्यांना निकालात काढण्याची पद्धत होती. नाथमाधव आणि गो. ना. दातार यांनाही रेनॉल्ड्सचे ऋणको म्हणून अशीच वागणूक मिळाली. उसनवारीचा शोध लागला की समीक्षकाचे काम संपले, ही समजूत आता सोडावयास हवी. 'तुंबाड'मधील हस्तर सर्व सोने मिळवितो, पण धान्यावर त्याचा अधिकार चालत नाही. तो पिठाच्या बाहुलीसाठी हपापलेला, युगानुयुगे उपाशी आहे. सोने आहे आणि घास नाही. शुक्रवारच्या कहाणीत सोन्याला घास मिळतो, माणसाला मिळत नाही. एकाने दुसऱ्यावरून उचलले असे सुचवावयाचे नाही. पण 1918 ते 1947 या काळात घडणारा हा चित्रपट मराठी प्रेक्षकाला इतका ओळखीचा का वाटला, याचे उत्तर किंगच्या ग्रंथांत सापडणार नाही.

पुनःशोधाच्या उत्साहात एक घाई मात्र दिसते. जुन्या कथेत कोठे उडते यान आढळले की तिला 'पहिली मराठी विज्ञानकथा' म्हणून मोकळे व्हावयाचे. हा भेद पुसणे कोणाच्याच हिताचे नाही. 'केरळ कोकिळ'मध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा मराठीतून येऊ लागली, तेव्हा वाचकाला एक नवीच अट घातली गेली : आश्चर्य वाटो, पण ते कसे घडले याचा हिशेबही मिळो. श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य'पासून जयंत नारळीकरांच्या 'कृष्णविवर'पर्यंत (1974) ही अट टिकली. सिंहासनावरच्या पुतळ्या बोलतात तेव्हा असा हिशेब कोणी मागत नाही. तेथे प्रश्न विक्रमाच्या औदार्याचा असतो. दोन्ही ठिकाणी अद्भुत आहे, पण वाचकाशी केलेला करार वेगळा आहे.

दुर्गा भागवतांच्या 'लोकसाहित्याच्या रूपरेषे'ने (1956) आणि सरोजिनी बाबर यांच्या लोकसाहित्य समितीच्या संकलनांनी सामग्रीचा मोठा भाग मुद्रणात आणून ठेवला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आरंभासाठी शुक्रवारचीच कहाणी घ्यावी : छापील कहाणीसंग्रहांतील पाठ, मौखिक संकलनांतील पाठ, आणि आज घरोघरी सांगितला जाणारा पाठ. दागिन्यांचा प्रसंग कोणत्या पाठात विस्ताराने येतो, कोणत्या पाठात तो गाळून व्रताचे विधान वाढविले आहे, आणि भावाने क्षमा मागितल्यावर बहीण त्याच्या घरी जेवते की त्यालाच आपल्या घरी बोलावते, हे पाठ समोरासमोर ठेवल्याखेरीज सांगता येणार नाही.